पालकांनी मागे दिसेल असे बसावे

शाळेचा कागद मी चुलीजवळच्या भिंतीला खळ लावून चिकटवला होता. चौदा कलमं होती त्यात. मला छापील अक्षर येतं, पण बोट ठेवून. दुसरी पास झाले, तिसरीत लग्न लावलं. म्हणून रोज भाकरी थापता थापता एकेक कलम वाचायची, आणि वाचून झालं की शाळेला दोन शिव्या द्यायची. एक दिवस शाळा आणि एक दिवस मोबाइल, ही काय रीत झाली? आज जेवण आणि उद्या जेवणाचा फोटो, तसलं.

माझी नात सृष्टी नववीला. तिचा हजेरी नंबर एकवीस. वीस, बावीस, चोवीसवाले ज्या दिवशी अहमदपूरला शाळेत बसायचे, त्या दिवशी एकवीसवाली घरी मोबाइलसमोर. दुसऱ्या दिवशी ही एसटीनं शाळेत, ते घरी. तिचे आईबाप लातूरला. माझा पोरगा दयानंद तिथं डाळ मिलमध्ये, सून चार घरी पोळ्या लाटते. एका खोलीत राहतात. म्हणून पोरगी माझ्याजवळ, आणि कागदावर पालक म्हणून माझं नाव. तारामती ग्यानोबा. सही मी माझ्या हातानं केली, अंगठा नाही.

आमच्या गावात मोबाइलला रेंज नाही; घरच्या दिवसाचे धडे ती आदल्या दिवशी शाळेतूनच मोबाइलमध्ये भरून आणायची. गाव खोलगटात बसलंय. रेंज फक्त एका जागी येते, माझी धाकटी जाऊ कोंडाबाई हिच्या स्लॅबवर. वाटणीत तिला वरच्या आळीचं घर आलं आणि विहीर आली. मला खालचं माळवदाचं घर आणि ओढ्याकडचं रान.

कोंडाबाईच्या घरी मी अकरा वर्षं पाय ठेवला नव्हता. मालक, म्हणजे ग्यानोबा, वारले त्या साली उन्हाळ्यात माझ्याकडं मुखेडचे पाहुणे आले, घरात पाण्याचा ठणठणाट. मी घागर घेऊन तिच्या विहिरीवर गेले. पाहुण्यांच्या देखत ती म्हणाली, "अक्का, आता वाटण्या झाल्यात. पाणी इचारून न्यावं लागतंय."

मी भरलेली घागर तिच्या उंबऱ्यावर पालथी केली आणि म्हणाले, "तुझ्या घरचं थेंबभर पाणी माझ्या तोंडात गेलं तर मला ग्यानोबाची आण हाय." सगळ्या आळीनं ऐकलं. तेव्हापासून लग्न असो, मयत असो, ती असेल तिथं मी माझा तांब्या घेऊन जायची. लोक म्हणायचे, तारामतीची आण म्हणजे दगडावरची रेघ. मला ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पहिली चाचणी आली ती इंग्रजीची, आणि आली नेमकी घरच्या दिवशी. सृष्टी म्हणाली, "मोठमाय, धाकल्या मायच्या स्लॅबवर जाऊ दे. त्या न्हाई म्हणणार न्हाईत."

"तिच्या पायऱ्या चढण्यापरीस तू नापास हो," मी म्हणाले.

मी तिला आमच्या माळवदावर बसवलं. रेंज नाही. ओढ्याच्या बांधावर नेलं. एक रेघ आली, गेली. आंब्याखाली उभं केलं. पोरगी मोबाइल वर धरून गोल गोल फिरत होती. मोबाइलवरही एक गोल गोल फिरत होतं. अर्ध्या तासानं शाळेनं तिला बाहेर काढलं. संध्याकाळी वाण्याच्या दुकानातल्या जुन्या तारेच्या फोनवर शाळेचा निरोप आला, एकवीस नंबर गैरहजर.

तिनं आदळआपट केली नाही. भाकरी खाल्ली, भांडी घासली, भिंतीजवळ आली आणि कलम बारावर बोट ठेवलं. "हे वाचलंस का, मोठमाय?"

मी दहापर्यंतच पोचले होते. बारात लिहिलं होतं, दोन चाचण्यांना गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्यास वार्षिक परीक्षेस बसता येणार नाही. आणि नेटवर्कची जबाबदारी पालकांची. पालक म्हणजे मी.

दयानंदला निरोप पोचला होताच. त्याचा फोनही वाण्याच्या दुकानातच आला. "माय, आणखी एक पेपर हुकला की शाळा संपली बघ. मग घरी बसवून काय करायचं? पंधरावं लागलंय तिला. नायगावचं स्थळ थांबून हाय. पोराचं खताचं दुकान हाय. ते म्हणून राहिलेत, शाळा सुटली की बोलणी करू."

"पंधरावं म्हणजे लई झालं का रे?"

"तुझं काय वय होतं?"

मी फोन ठेवला. माझं वय काय होतं ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. लग्नात माझा पुढचा दात पडलेला होता, तेवढं आठवतं.

गणिताची चाचणी गुरुवारी होती. सकाळी अकरा ते एक. बुधवारी मी सृष्टीला कोंडाबाईकडं विचारायला पाठवलं. स्वतः गेले नाही. पोरगी परत आली. "धाकली माय म्हणाली, पोरीला कशाला इचारावं लागतंय? ये की."

"आन् माझं?"

"तुझं काय म्हणाली न्हाई. हसली फक्त."

गुरुवारी मी नवं लुगडं नेसले. पितळी तांब्या भरून घेतला, वर फुलपात्र झाकलं. कोंडाबाईच्या अंगणातून जिना आहे. ती खाटेवर बसली होती. मी तिच्याकडं न बघता सोळा पायऱ्या चढले. गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते, पण मी तोंड वाकडं केलं नाही.

वर स्लॅबच्या कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी. तिथंच रेंज. सृष्टीनं विटेला टेकवून मोबाइल उभा केला. तिच्या डोक्यावर मी जुनी छत्री गजाला बांधली. मी तिच्या मागं, टाकीला पाठ लावून. टाकीची थोडी सावली होती. दोन तास पुरेल असं वाटलं.

मोबाइलमध्ये खिडक्या खिडक्यांतून पोरं दिसत होती आणि प्रत्येकाच्या मागं एक आई नाही तर बाप. जणू सगळ्यांना एकदमच धरून आणलंय. मल्लिनाथ सर म्हणून एक तरणा मास्तर होता. "पालकांनी मागं दिसेल असं बसायचं. पेपर होईपर्यंत उठायचं न्हाई. बोलायचं न्हाई. माइक चालूच ठेवायचेत. कुणी उत्तर सांगितल्याचा आवाज आला, पालक जागेवरून हलले, की पेपर रद्द. आजी, ऐकू येतंय का?"

"बहिरी न्हाई मी," मी म्हणाले.

"आता इथून पुढं बोलायचं न्हाई, आजी."

पोरं हसली. आयुष्यात मला गप बस म्हणणारा माणूस एकच होता आणि तोही मनातल्या मनात म्हणायचा. मी तोंड मिटलं.

थोड्या वेळानं कोंडाबाई वर आली. हातात परात आणि भरलेला लोटा. कुरडया घातल्या होत्या तिनं. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून, म्हणजे सगळ्या वर्षाची बेगमी. स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला, मोबाइलला दिसणार नाही अशा जागी, धोतरावर पांढऱ्याशुभ्र कुरडया पसरलेल्या. ती त्यांच्याजवळ राखण बसली. मला माहीत होतं, ती कुरडयांसाठी आली नाही. अकरा वर्षांनी तारामती तिच्या घरात, तोंड बंद करून बसलेली. असला तमाशा फुकट कुठं मिळतो? तिनं माझ्याकडं बघून पानाचा तुकडा तोंडात टाकला. माझ्या जिभेवर चार चांगली वाक्यं येऊन बसली. गिळली.

साडेअकरापर्यंत सावली माझ्या मांडीवरून सरकली. पावणेबाराला खांद्यावर. मग टाकीनं आपली सावली आपल्याच पोटाखाली घेतली. स्लॅब तव्यासारखा. मला पाय लांब करता येईना, पदर नीट करायला हात उचलला तर भीती वाटायची, हे हलणं धरतील का? माणसाला कोंडायला दार लागतं असं मी समजत होते. इथं चारी बाजूंनी आभाळ होतं आणि मला बोट हलवता येत नव्हतं. पाठीमागं टाकीत पाणी. तिच्या विहिरीचं. आत कुठंतरी थेंब पडत होता तोही ऐकू येत होता. मी माझ्या तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले आणि उरलेलं पुरवून प्यायचं ठरवलं.

मग वानरं आली.

शेजारच्या लिंबावरून तीन उतरली. एक पोटाला पिलू बांधलेली मादी. सरळ कुरडयांवर. कोंडाबाई ताडकन उठली, तोंड उघडलं. तिचा आवाज म्हणजे शिवारातली पाखरं उडवणारा. एकदा "हाऽऽड्" म्हणाली असती तर वानरं मुखेडात दिसली असती.

तोंड उघडं तसंच राहिलं. तिनं मोबाइलकडं बघितलं. सृष्टीच्या पाठीकडं बघितलं. आणि पदराचा बोळा करून तोंडात घातला.

तिनं हात हलवले, पाय उचलले, पदर झटकला. मुक्या बाईला वानर भीत नाही. मादी आरामात बसून कुरडया मोडून मोडून पिलाला देत होती. दुसरं दोन्ही हातांनी ओढत होतं. सगळ्या वर्षाची बेगमी डोळ्यांदेखत चाललेली, आणि कोंडाबाई तोंडात पदर घालून उभी. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी बघत होते. मला हसू आलं नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटलं.

जाताना तिसऱ्यानं टाकीवर उडी मारली. त्याच्या शेपटीनं की पायानं, माझा तांब्या कलंडला. खण्णकन आवाज. पाणी माझ्या लुगड्याखालून निघून गेलं आणि बघता बघता स्लॅबनं पिऊन टाकलं.

"एकवीस नंबर! आवाज कसला?"

सृष्टीनं मान वर न करता सांगितलं, "सर, वानर."

"बरं. लिही."

अजून पाऊण तास होता. पहिल्यांदा घसा गेला. मग कानात भुंगा. मोबाइलच्या खिडक्या एकमेकींत मिसळायला लागल्या. आमच्या खिडकीत एक म्हातारी डुलत होती, ती मीच. मी पाठ टाकीला दाबली. टाकी भाजत होती.

सृष्टीचं पेन थांबलं. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण त्या एवढ्याशा खिडकीत तिला मी दिसत होते. तिचे डोळे तिथं माझ्या डोळ्यांना भिडले. तिचा एक गुडघा वर आला. ती उठणार होती. पेपर टाकून, नायगाव गेलं खड्ड्यात म्हणून, मला धरायला उठणार होती. मी डोळे वटारले. डोळेच वटारता येत होते मला. ती कधी माझ्या डोळ्यांना भ्याली नाही, आजही नाही.

तेवढ्यात काहीतरी सरकल्याचा आवाज आला, खर्र, खर्र. कोंडाबाई पालथी पडली होती, पोटावर, लहान पोरासारखी, मोबाइलला दिसू नये म्हणून. हातात केरसुणी. केरसुणीच्या बुडख्यानं ती स्वतःचा भरलेला लोटा माझ्याकडं ढकलत होती. इंच इंच. लोटा माझ्या गुडघ्याला येऊन टेकला. तिनं मान वर केली. तिच्या तोंडात अजून पदर होता.

सृष्टीचा गुडघा अजून वर होता. पेन खाली ठेवलेलं.

मी ग्यानोबाची आण घातली होती. साऱ्या आळीनं ऐकली होती. आणि समोर चाळीस खिडक्या, त्यांत शेजारच्या गावांतल्या, मला ओळखणाऱ्या तिघी आया. मान वळवून प्यायची सोय नव्हती. मी लोटा उचलला. उंच धरून, लुगड्यावर थेंब न सांडता, गटागटा प्यायले. अर्धा लोटा. मग आणखी एक घोट.

खिडकीत सृष्टीचा गुडघा खाली गेला. पेन चालायला लागलं.

एक वाजता तिनं पेपरचे फोटो काढले, पाठवले. मल्लिनाथ सर म्हणाले, "एकवीस नंबर, आला पेपर." सृष्टीनं मोबाइल बंद केला.

कोंडाबाईनं तोंडातला पदर काढला आणि लिंबाकडं बघून पाऊण तासाच्या साठवलेल्या शिव्या एका दमात दिल्या. त्यातल्या दोन मलाही नव्या होत्या. वानरं केव्हाच गेली होती. धोतरावर चुरा होता.

मग ती माझ्याकडं वळली. "पाणी कसं लागलं, अक्का?"

"कोमट होतं."

"उन्हात ठेवलं होतं. मला काय ठाव, पाटलीणबाई पिणार हाईत म्हणून."

"तुला ठाव होतं. लोटा काठोकाठ भरून आणला होतास."

तिनं लोटा उचलून घेतला. मग म्हणाली, "आता आणीचं काय?"

"ती माझी आन् ग्यानोबाची गोष्ट. तू तुझा चुरा झाड."

खाली उतरताना मला जिन्याचा कठडा धरावा लागला. सृष्टीनं दुसरा हात धरला. अंगणात आळीतल्या चार बायका उभ्या होत्या. शेजारच्या माळवदांवरून बातमी आमच्या आधी खाली पोचली होती. माझ्याकडं बघत होत्या, एखादं जुनं झाड कापल्यावर रिकाम्या जागेकडं बघतात तशा.

संध्याकाळी दयानंदला मी स्वतः फोन लावला. "पेपर झाला. नायगाववाल्यांना सांग, पोरगी रिकामी न्हाई."

"माय, दमानं. एक पेपर झाला. अजून विज्ञान हाय, भूगोल हाय. वार्षिक हाय. तेवढ्यात एखादा हुकला तर?"

"हुकणार न्हाई."

"बघू," तो म्हणाला. या पोराच्या 'बघू'मध्ये त्याचा बाप बोलतो. 'हो' नाही, 'नाही'पण नाही, नुसतं दार अर्धं लावून ठेवायचं.

म्हणजे विज्ञान, भूगोल, वार्षिक, तेवढ्या वेळा त्या सोळा पायऱ्या, ती टाकी, ते तोंड मिटून बसणं. मी रात्री देव्हाऱ्यासमोर बसून मालकांना काय ते सांगितलं. माफी मागितली नाही. चूक त्यांची नव्हती, माझीही नव्हती, पण आण मोडली होती, एवढं कळवलं.

शनिवारी विज्ञान होतं. निघताना सृष्टीनं पितळी तांब्या भरून माझ्यासमोर धरला. मी तो चुलीजवळ ठेवला आणि कोपऱ्यातली वेताची काठी घेतली.

स्लॅबवर कोंडाबाईनं नव्यानं कुरडया घातल्या होत्या. या वेळी धोतर टाकीच्या जवळ, माझ्या काठीच्या टप्प्यात. भरलेला लोटा माझ्या जागेवर आधीच ठेवलेला, ओल्या फडक्यानं गुंडाळून.

मल्लिनाथ सर मोबाइलमधून म्हणाले, "आजी, ती काठी कशाला?"

"तुमच्या कागदावर काठीचं कलम न्हाई," मी म्हणाले, आणि मागं दिसेल अशी बसले.