मागच्या सीटचा अभिप्राय

दातांच्या डॉक्टरांची एक खोड सगळ्यांच्या ओळखीची असते. आधी तुमच्या तोंडात आरसा, दोन बोटं आणि पाणी ओढणारी नळी घालायची आणि मग विचारायचं, "काय, सध्या मुलं काय करतात?" तुम्ही म्हणता, "आँ." ते म्हणतात, "वा, छान!" मुलगा घर सोडून गेला असला तरी छानच. या गोष्टीतले डॉक्टर तेवीस वर्षं असेच प्रश्न विचारत आले होते. माणूस सज्जन, हाताला हलका, पण विचारून झालं की उत्तरासाठी थांबायचं असतं, हे मात्र ते विसरून गेले होते.

तीन महिन्यांपूर्वी त्यांनी गाडी बदलली. जुनीही कॉम्पॅक्ट एसयूव्ही होती आणि नवीही तीच, फक्त मधल्या काळात कंपनीने तिचं फेसलिफ्ट केलेलं. पुढचे दिवे बारीक झाले, मधला पडदा मोठा झाला, छताला सनरूफ आलं, दारांच्या आत रात्री जांभळा उजेड पडू लागला. गाडी ताब्यात घेताना डॉक्टरांनी खिशातून दात तपासायची टोकदार सळई काढली आणि दोन पत्र्यांमधल्या फटी चहूबाजूंनी तपासल्या. विक्रीवाल्या पोराच्या कपाळाला घाम फुटला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "फटी सारख्या आहेत. कीड नाही." तेव्हा कुठे त्याने किल्ली दिली.

त्या मॉडेलच्या मालकांचा फोनवर एक गट होता. नऊशे माणसं, आणि प्रत्येकाला आपली गाडी म्हणजे आपला बाब्या. डॉक्टरांनी तिथे भलामोठा अभिप्राय लिहिला. दार लावल्यावर येणारा भरीव आवाज, शिवणीत एकही टाका न चुकलेल्या सीट, मागे कललेली ऐसपैस मागची बैठक, सगळ्याची वाखाणणी. ‘मागच्या दारांच्या वर छताला असायची ती जुनाट हँडलं काढून टाकली तेही बरंच झालं, छत कसं नीटस दिसतं,’ असंही एक वाक्य होतं. आणि सगळ्यात वर आईचा फोटो. पहिल्या दिवशी फेरी मारून आल्यावर काढलेला. मागचं दार उघडं, आई सीटवर रेललेली, एक हात वर. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘आमच्या आईला तर उतरावंसंच वाटेना! आम्हालाच टाटा करतेय.’ दोनशे बारा लोकांनी त्यावर लाल बदाम टाकले.

तो सगळा अभिप्राय त्यांनी जेवताना आईला मोठ्याने वाचूनही दाखवला. आई म्हणाली, "छान लिहिलंयस." तिने शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं होतं. छान कशाला म्हणायचं ते तिला कळत होतं.

आणि त्या दिवसापासून आई त्या गाडीत बसली नाही.

आईची धाकटी बहीण, म्हणजे डॉक्टरांची मावशी, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती घराबाहेर पडत नसे, म्हणून दर रविवारी आईच तिच्याकडे जायची. दोघी पत्ते खेळायच्या आणि दोघीही लबाडी करायच्या. सहा वर्षं जुन्या गाडीतून हा रविवार चुकला नव्हता. नवी गाडी आली आणि आईचं सुरू झालं. एकदा डोकं दुखतंय, एकदा ऊन फार आहे, एकदा मावशीलाच बरं नाही म्हणे. मावशीचा फोन आला की आई दार लावून बोलायची. असे अकरा रविवार गेले.

"रिक्षा करून देऊ का तुम्हाला?" डॉक्टरांच्या बायकोने एकदा विचारलं.

"नको गं. दारात नवी गाडी उभी असताना मी रिक्षाने जाऊ? त्याला काय वाटेल?" आई म्हणाली आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेली. त्या दिवशी तिने कुंड्यांना तिसऱ्यांदा पाणी घातलं.

डॉक्टरांना राग नाही आला. त्यांना कुतूहल वाटलं, आणि कुतूहल वाटलं की हा माणूस हात धुऊन मागे लागायचा. दुखतंय तर कुठे दुखतंय हे सापडलंच पाहिजे! त्यांनी एक वही केली. पहिला संशय नव्या प्लास्टिकच्या वासावर. आठवडाभर गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या. मांजर आत येऊन झोपून गेलं, आई आली नाही. दुसरा संशय जांभळ्या उजेडावर. तो बंद केला. मग पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून गाडी टुंग टुंग करायची, ते आईला अपमानास्पद वाटत असेल, म्हणून तो आवाज कमी केला. मग चाकांतली हवा चार आकड्यांनी उतरवली, धक्के बसू नयेत म्हणून. वहीत प्रत्येक संशयापुढे फुली पडत गेली.

मधेच आईची कवळी सैल झाली म्हणून ती दवाखान्यात आली. आयती खुर्चीत सापडली! कवळी बाहेर काढून हिरडीवर बोट फिरवत डॉक्टरांनी विचारलं, "आई, खरं सांग, गाडीत तुला काय खुपतंय?"

"आँ," आई म्हणाली.

"वासच ना?"

"आँ आँ."

"वाटलंच मला," डॉक्टर म्हणाले आणि वासाच्या पुढची फुली खोडून तिथे बरोबरची खूण केली. त्या संध्याकाळी गाडीत लिंबाच्या अत्तराची बाटली लटकली. पुढच्या रविवारी आईचं डोकं पुन्हा दुखलं, आणि या वेळी तर वासाने दुखलं असावं.

शेवटी त्यांनी मालकांच्या गटावरच प्रश्न टाकला, की वयस्कर माणसांना ही गाडी का आवडत नसावी? तासाभरात तेवीस उत्तरं आली. कोणी म्हणालं टायर बदला. कोणी म्हणालं सनरूफमुळे चक्कर येते. एकाने स्वतःच्या सासूची सगळी गाऱ्हाणी लिहिली, त्यात गाडीचा संबंध कुठेच नव्हता. सगळ्यात शेवटी ‘गोगलगाय’ हे टोपणनाव घेतलेल्या कुणाचं तरी एकच ओळीचं उत्तर होतं: ‘तुम्ही स्वतः कधी मागे बसलात का?’

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. फटी मोजल्या होत्या, शिवण मोजली होती, डिक्कीत किती पिशव्या मावतात तेही मोजलं होतं. पण स्वतःच्या गाडीत मागे ते एकदाही बसले नव्हते. मागच्या बैठकीला त्यांनी दहापैकी साडेनऊ दिले होते, ते बाहेर उभं राहून, वाकून.

"जरा गाडी काढ," ते बायकोला म्हणाले. "मी मागे बसणार आहे."

"साहेब झालात की काय?" बायको म्हणाली, पण तिने किल्ली घेतली.

डॉक्टर आईच्या जागेवर, डावीकडे बसले. पहिली दहा मिनिटं मजेत गेली. गुडघ्यापुढे चार बोटं जागा. सीट मऊ, मागे कललेली, डोळे मिटावेत अशी. पुढचा तो मोठा पडदा इथून दिसतच नव्हता, दिसत होता तो बायकोचा अंबाडा. वळणावर ते थोडे घसरले आणि हात कशाला तरी धरायला गेला, पण ते त्यांनी मनावर घेतलं नाही. वहीत लिहिलं, ‘वळण: ठीक.’

गाडी परत दारात आली. बायको उतरून बाहेर उभी राहिली. डॉक्टरही एका पायावर भार देऊन सहज उतरले असते, पण त्यांच्या मनात आलं, आई कशी उतरते? तिचा डावा गुडघा पुरता वाकत नाही. ती आधी दोन्ही पाय बाहेर टाकते आणि मग उठते. बघू तर खरं. त्यांनी दार पूर्ण उघडलं, पाय बाहेर टाकले, डावा गुडघा ताठ ठेवला आणि उठायला गेले. उठता आलं नाही. ती कललेली, ऐसपैस, साडेनऊ गुणांची सीट त्यांना पुन्हा आत घेऊन गेली. दुसऱ्यांदा जोर केला, तेव्हा त्यांचा हात आपोआप वर गेला. तिथे काही नव्हतं. छताला दोन गुळगुळीत वाटोळी टोपणं लागली, बोटं त्यांच्यावरून घसरली आणि हात तसाच हवेत राहिला.

बायको बाहेरून हसली. "काय हो, टाटा कुणाला करताय?"

डॉक्टरांचा हात खाली आला नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि तो फोटो उघडला. आई सीटवर रेललेली, हात वर. फोटो मोठा करून पाहिला. टाटा करणाऱ्या माणसाचा तळवा समोरच्याकडे असतो. आईचा तळवा छताकडे होता, बोटं वाकलेली, काहीतरी पकडायला निघालेली. आणि चेहरा हसरा होता, कारण समोर मुलगा, सून, विक्रीवाला पोरगा असे सगळे हसत उभे होते. त्या दिवशी शेवटी ती कशी उतरली ते ओझरतं पाहिलेलं त्यांना आता आठवलं. सगळे पेढ्यांसाठी आत वळल्यावर, एकटी, मागून, दाराची कड धरून.

काखेत कळसा आणि नऊशे लोकांच्या गावाला वळसा! नुसतं पाहिलं नाही इतकंच असतं तर एक वेळ चाललं असतं. त्यांनी तिची फजिती जगाला वाटली होती, वर हँडल काढलं ते बरंच झालं म्हणून लिहिलं होतं, आणि ते तिलाच वाचून दाखवलं होतं. ‘छान लिहिलंयस’ म्हणण्याखेरीज तिने करायचं तरी काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळचे दोन पेशंट पुढे ढकलून ते मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री जुन्या गाडीपासूनचा ओळखीचा. त्याने गाडीत डोकं घातलं, एका टोपणाखाली पेचकस सरकवला आणि ते टक्कन उडवलं. खाली स्क्रूची भोकं जशीच्या तशी होती.

"डॉक्टर, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?" तो म्हणाला. "जुन्या दातावर नवी टोपी बसवलीय. आतला सांगाडा तोच आहे. जुन्या मॉडेलचं हँडल आणतो, अर्ध्या तासात बसेल. पण छताची शोभा जाईल हां, तुम्हीच लिहिलं होतं ना?"

"तूही वाचलंस?"

"सगळ्यांनी वाचलं," मिस्त्री म्हणाला.

संध्याकाळी आई बाल्कनीत होती. डॉक्टर तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी विचारलं, "आई, तुला त्या गाडीतून उतरता येत नाही ना?"

आणि मग ते गप्प राहिले. हे त्यांना फार जड गेलं. ‘गुडघाच ना?’ असं जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. खाली कुणीतरी सायकल लावली, कुलूप घातलं, जिना चढून गेलं. आई कुंडीतलं एक वाळलेलं पान खुडत होती.

"तू किती खूश होतास रे," ती शेवटी म्हणाली. "इतकं मोजून मापून घेतलीस. त्यात मी कुठे म्हणू, की मला उठवत नाही? मग तू मला दरवेळी हाताला धरून काढणार. मावशीच्या दारात, तिच्या शेजाऱ्यांसमोर. पोतं उतरवल्यासारखं." तिने पान कुंडीत टाकलं. "जुन्या गाडीत मी माझी माझी उतरायचे."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. दवाखान्यात सांगितलं. तू वास लिहून घेतलास."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. आई हसली. मग दोघंही हसले, पण डॉक्टरांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

रविवारी आई गाडीपाशी आली. मागचं दार उघडल्यावर तिने आधी वर पाहिलं. हँडल काळं होतं आणि छत पांढरं, चांगलंच विजोड दिसत होतं. ती आत बसली, आणि वाटभर तिचा हात त्या हँडलवरच होता. आरशात डॉक्टरांना नुसता तो हात दिसत होता. पट्टा लावताना गाडी टुंग टुंग करू लागली तेव्हा आई तिला म्हणाली, "लावतेय गं बाई, दम धर."

मावशीच्या फाटकाशी गाडी थांबली. मावशी काठी घेऊन पायरीवर उभी होती, आणि तिच्या मागे शेजारपाजारही नवी गाडी पाहायला जमला होता. डॉक्टर उतरले आणि सवयीने मागच्या दाराकडे निघाले. दोन पावलांवर ते थांबले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. आईने दार उघडलं. दोन्ही पाय बाहेर टाकले, हात वर नेला, हँडल घट्ट धरलं आणि एका दमात उभी राहिली.

"अकरा रविवार!" मावशी पायरीवरून ओरडली. "एवढी कसली गं गाडी?"

"चांगली आहे," आई म्हणाली, "आता चांगली आहे." आणि तिने दार धरून, जुन्या गाडीचं आपटायची तसं, सगळ्या ताकदीनिशी आपटलं. फाटकावरची चिमणी उडाली. त्या दाराला कुणी जरा जोराने हात लावला तरी ‘आपटायचं नाही, नुसतं सोडायचं’ म्हणून घरादाराला धडे देणारे डॉक्टर तोंडातून एक अक्षर न काढता पाहत राहिले, आणि आई मागे वळूनही न पाहता पत्ते खेळायला आत गेली.