शेवटच्या घराचं दार

नाताळाआधीच्या मेक्सिकन पोसादाच्या मिरवणुकीत बाहेर मारिया आणि होसे, म्हणजे येशूचे आईबाप, झालेली मुलं गात गात आसरा मागतात, आतल्या बायका गाण्यातूनच नकार देतात आणि ठरलेल्या शेवटच्या घराचं दार उघडतं. यंदा ते शेवटचं घर ओतिलियाचं होतं. सकाळपासून ती तमाल्यांच्या फराळासाठी मक्याचं पीठ मळत होती, तेही अशा रागाने, की नवऱ्याला, डेलला, मदतीला यायची हिंमत होईना.

रविवारी, मिरवणूक बसवणाऱ्या तिच्या चायोमावशीने ओतिलियाच्या लेकीकडून, मारिसेलाकडून, मारियाची भूमिका काढून घेतली होती. बारा वर्षांच्या पोरीने थँक्सगिव्हिंगच्याही आधीपासून गाणं घोकलं होतं. मावशीचं म्हणणं सरळ होतं. केस पिवळे, आडनाव शुल्झ, स्पॅनिश येत नाही; लोक काय म्हणतील? ओतिलियाने डेल शुल्झशी लग्न केलं तेव्हाही मावशी नाराज होती, पण तेव्हा तिने लोकांना मध्ये आणलं नव्हतं. आता मारिसेलाच्या हाती काठीवरचा तारा देऊन तिला सगळ्यांच्या मागे ठेवलं होतं.

दिवे लागताना मिरवणूक अंगणात आली. सॅन अँटोनियोत सहसा पडत नाही अशी थंडी पडली होती. नकाराची कडवी झाली, मग आत घ्यायचं कडवं आलं. ओतिलियाने कडीवर हात ठेवला, पण ती काढली नाही.

बाहेरच्यांना गंमत वाटली. त्यांनी कडवं पुन्हा म्हटलं.

“ओती, उघड गं. पाय गारठले माझे,” दाराशी तोंड आणून चायोमावशी म्हणाली.

“कोण आहे?”

“मारिया आणि होसे. आणखी कोण असणार?”

“मारिया मागे काठी धरून उभी आहे. तिला पुढे आण, मग उघडते.”

मावशीने आवाज खाली आणला. “तमाशा करू नकोस. पोरीला आपल्या भाषेत पाणी मागता येत नाही.”

“आणि तुझ्या नातवाला येतं? होसे झालाय ना एड्रियन? आत्ता काय गायला, त्याचा अर्थ विचार त्याला. तो सावळा आहे म्हणून त्याला कुणी विचारत नाही, एवढंच.”

कुणीतरी फिसकन हसलं. ओतिलियाला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून मारिसेला दाराशी आली. “आई, उघड.”

“मारिया होऊन येणार असशील तर.”

“मला नाही व्हायचं आता. नव्या शाळेत तूच सांगितलंस ना, कुणी विचारलं तर नुसतं शुल्झ सांग, बाकीचं बोलायची गरज नाही? तिथे मी शुल्झ आणि इथे मारिया? मावशीआजी निदान एकच म्हणते, तू दोन म्हणतेस. मला कुणी विचारलंय?”

सालदान्या या माहेरच्या मेक्सिकन आडनावापायी ओतिलियाला शाळेत ढ पोरांच्या वर्गात बसवलं होतं, परीक्षासुद्धा न घेता. लेकीचं तसं होऊ नये, एवढंच तिला हवं होतं. पण हे बंद दाराआडून, अख्ख्या गल्लीसमोर कसं सांगणार?

तिने कडी काढली.

माणसं खाली बघत आत शिरली. “झालं समाधान?” मावशीने विचारलं.

“नाही.”

शेवटी मारिसेला उंबऱ्यापर्यंत आली. तिने काठी आईच्या हातात कोंबली आणि घराला वळसा घालून मागच्या दाराकडे, बापाकडे निघून गेली. तारा धरून ओतिलिया तिथेच उभी राहिली. आतून मावशी ओरडली, वारा येतोय, दार लाव. तिने लावलं नाही.