सुरुचीची मार्कशीट तबकात

सुरुची दहावीला शाळेत पहिली आली, आणि सगळ्यांत जास्त हरखले ते तिचे वडील, म्हणजे भाईंदर पश्चिमेतल्या सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताराम. सुरुचीचा जीव मात्र भांड्यात पडला तो पार्ल्याच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं तेव्हा. आता शनिवारी दुपारी एकच्या आत मूळ मार्कशीट दाखवायची, फी भरायची, की प्रवेश पक्का. नाही गेलं तर जागा पुढच्याला. काम इतकं सोपं होतं. पण सोपं काम सोपं राहू देतील तर ते दत्ताराम कसले!

"बाबा, मी उद्याच जाऊन येते ना," गुरुवारी संध्याकाळी ती म्हणाली.

"नुसती मार्कशीट घेऊन? ती काय, कुणीपण नेतं! नगरसेवकसाहेबांच्या सहीचं गुणगौरव प्रमाणपत्र सोबत असलं की वजन पडतं. शनिवारी सकाळी सत्कार, तिथून थेट कॉलेज."

शनिवारी आवारात मांडव पडला. सत्कारमूर्ती सात. सुरुची सोडली तर बाकीच्यांचे गुण शोधून काढावे लागले होते. खजिनदार शहाभाईंचा मुलगा तिसऱ्या खेपेला दहावी सुटला, म्हणून त्याला जिद्द पुरस्कार. सुरुचीची मार्कशीट दत्तारामांनी काचेच्या फ्रेममध्ये बसवून आणली होती. शाळेने ती एकदा दिली होती, आता साहेबांच्या हस्ते पुन्हा द्यायची. फ्रेमला हळदकुंकू लावून ती तबकात, शाल-श्रीफळाशेजारी ठेवली.

कार्यक्रम नऊचा होता. अकरा वाजत आले तरी साहेबांचा पत्ता नव्हता.

"बाबा, मार्कशीट द्या. मला निघायला हवं."

"डोकं फिरलंय का? पाहुण्यांचा हात लागायच्या आधी तबकातलं उचलतात का कुणी? चार लोकांत काय दिसेल ते!"

"अरे बेटा, साहब खारी गाँव से निकल गये हैं," शहाभाई म्हणाले. "बस, पाँच मिनट!"

साहेब खारी गावाहून निघाल्याचा निरोप त्यानंतर आणखी दोनदा आला. सुरुचीने आईकडे पाहिलं. नीलिमाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मुलीच्या वेणीतला गजरा नीट केला. त्या घरात नवऱ्याला विरोध करायची मजल तेवढीच होती. शेवटी सुरुचीने स्वतःच तबकाकडे हात नेला, तर दत्तारामांनी तिचं मनगट धरलं, तेही हसत हसत, कारण फोटोग्राफर बघत होता.

"उशीर झाला तरी काय? प्रमाणपत्र बघितलं की कॉलेजवाले उभे राहतील!"

सुरुचीला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो गिळून ती खुर्चीत बसून राहिली.

साडेबारानंतर साहेब आले. आधी पाण्याच्या टंचाईवर बोलले, मग गटारांवर, मग विरोधकांवर. गटारांतून बाहेर पडून ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले तेव्हा एक वाजून गेला होता. त्यांनी सुरुचीला फ्रेम दिली. फ्लॅश उडाला नाही, म्हणून ती परत घेतली आणि पुन्हा दिली.

दत्तारामांनी माइक हातात घेतला. "आता आमची सुरुची दोन शब्द बोलेल."

त्यांनीच लिहून दिलेला आभाराचा कागद तिने टेबलावर उलटा ठेवला.

"पार्ल्याच्या कॉलेजात माझं नाव लागलं होतं," ती माइकमध्ये शांतपणे म्हणाली. "ही मार्कशीट घेऊन आज एकच्या आत तिथे पोहोचायचं होतं. मार्कशीट साहेबांची वाट बघत तबकात बसली होती. आता माझी जागा गेली. सगळ्यांची आभारी आहे."

साहेब शेजारच्याशी बोलत होते. आवाज थांबलेला कळताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते बघून शहाभाईंनी वाजवल्या, मग सगळ्या मांडवाने. दत्तारामांनीही सवयीने दोन्ही हात वर केले, पण टाळी काही वाजली नाही.