मागची बाटली

एमोकेने बाटलीचं झाकण फिरवलं आणि कुजक्या अंड्यांचा भपकारा तिच्या नाकात शिरला. झाकण लावून तिने पुन्हा उघडलं, पुन्हा हुंगलं. महिन्यापूर्वी हीच बाटली वापरली तेव्हा ती पडशाने बेजार होती.

तिने घडवलेल्या औषधाच्या रेणूला गंधक पकडणारा आकडा होता. एकदा पकडलं की जन्मात सुटायचं नाही. कर्करोगाच्या गाठीतल्या एन्झाइमला त्यातल्या गंधकापाशी त्याने धरावं, पण हृदयातल्या तशाच दुसऱ्या एन्झाइमला, त्याच्या जुळ्या बहिणीला, शिवूही नये, एवढ्यासाठी चार वर्षं गेली होती. आणि बहिणीच्या चाचणीत तिने हे ओतलं होतं! एन्झाइम टिकावं म्हणून घालतात ते गंधकाचं नासकं पाणी. आकडे त्या पाण्यातच अडकून संपले. बहिणीपर्यंत पोचलेच नाहीत, म्हणून बहीण सुखरूप.

रोझी नेनींच्या, म्हणजे रोझी मावशींच्या, चाचणीत बहीणही पकडली गेली होती. तीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या त्या बाईंना एमोके भर बैठकीत म्हणाली होती, "रोझी नेनी, हात थरथरतो आता तुमचा." लोक हसले होते. दुसऱ्या दिवसापासून त्या काचसामान धुवायला लागल्या. कामात चर्चमधली स्तोत्रं गुणगुणायच्या, तेही थांबलं.

आज दहाच्या बैठकीत रेणू प्राण्यांवरच्या चाचणीला पाठवायचं ठरणार होतं.

बाटली परत ठेवताना मागची एक हाताला लागली. नाव तेच, पण अक्षर गोल, रोझी नेनींचं: 'गंधक घातलेलं नाही.' तारीख त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची. झाकणावरची चिकटपट्टी तशीच.

धुण्याच्या खोलीत नळ वाहत होता.

"ही तुम्ही ठेवलीत?"

"मग काय, भेटी वाटणाऱ्या मिकुलाशबाबाने आणून ठेवली?" रोझी नेनी वळल्या नाहीत.

"तोंडाने का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की एकदा, चारचौघांत. म्हटलं, तुला तरी एकटीला कळू दे."

एमोके त्यांच्या हातांकडे बघत राहिली. बोटाएवढी नळी त्या धुऊन काठोकाठ भरत होत्या. थेंब सांडत नव्हता.

"बैठकीला चला माझ्याबरोबर."

"एप्रन ओला आहे गं माझा."

"असू दे."

टेबलाच्या मधोमध एमोकेने नासकी बाटली ठेवली आणि झाकण काढलं. प्रमुखांनी नाकाला रुमाल लावला.

"शी! कोणाची ही घाण?"

"माझी."

कोणी हसलं नाही. एमोकेने रोझी नेनींची बाटली तिच्या शेजारी ठेवली. तेवढ्यात रोझी नेनी उठल्या आणि डॅन्यूबकडची खिडकी उघडून आल्या.