टिटवीचा आवाज

ती मोठ्यानं बोलली की आत्या म्हणायची, "हळू गं, भिंतींना कान असतात." शाळेतल्या बाई म्हणायच्या, "मुलीच्या जातीला एवढा गळा शोभत नाही." सगळ्यांनी मिळून दाबून ठेवलेला तोच आवाज आता सैनिकी शाळेच्या मैदानावर उस्ताद मागत होते. मागत होते तोही दुसऱ्याच कुणाचा तरी, जाड, पुरुषी.

"पोटातून काढ!" कवायत शिकवणारे उस्ताद गरजत. "हे काय टिटवीसारखं? हुकूम देतेस की रडतेस?"

त्या दिवसापासून तिचं नाव टिटवी पडलं. ती जेवणाच्या रांगेत उभी राहिली की मागून पोरं टीऽटिव्, टीऽटिव् करत. वळून बघावं तर सगळे आपापल्या ताटात डोकं घालून बसलेले.

परीक्षा दोन दिवसांवर आली होती. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून पोरांची तुकडी चालवायची, वळवायची, थांबवायची. जमलं नाही तर मागच्या वर्गात. आणि मागच्या वर्गात गेलेल्यांना नवा वर्ग सुरू होईपर्यंत घरी पाठवत. घरी आत्या वाटच बघत होती. "एकदा ये तर खरं," ती फोनवर म्हणाली होती, "मुलाकडचे थांबायला तयार आहेत." घरी गेलेली मुलगी परत येईल, याची टिटवीला खात्री नव्हती.

तिला धड बसवेना. कॉटवरून दारापर्यंत, दारापासून कॉटपर्यंत नुसत्या येरझाऱ्या.

"जमिनीला भोक पाडशील," लंबू म्हणाली. लंबू म्हणजे तिच्या खोलीतली मुलगी, चौकटीला डोकं लागेल एवढी उंच. तिनं आवाज असा जाड केला होता की पाणीवाला तिला न बघताच "हो साहेब" म्हणून गेला होता. "इकडं ये. हनुवटी खाली, छाती वर. आता तुझ्या बाबांचा आवाज आठव."

"बाबा बोलतातच कुठं? आमच्याकडं आत्या बोलते."

लंबू हसायला गेली आणि खोकतच सुटली. मग दोघी मोरीत उभ्या राहून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत राहिल्या. बराकीतल्या सगळ्याच मुली करत. मीठ देऊन देऊन स्वयंपाकी वैतागला होता. "लोणचं घालताय का स्वतःचं?" असं तो विचारी.

परीक्षेला मोठे साहेब स्वतः आले. मैदानावर आणखी दोन तुकड्यांची नेहमीची कवायत चालली होती. टिटवीनं हनुवटी खाली घातली, छाती फुगवली आणि उसना आवाज काढला.

"पुढेऽऽ चल!"

तुकडी निघाली. पोरं चालत चालत पार पलीकडं गेली. तिकडं मैदान संपतं आणि सांडपाण्याचा चर लागतो.

"तुकडीऽऽ थांब!"

शब्द अर्ध्या वाटेत पडला. पोरं चालतच राहिली. खरंच ऐकू आलं नव्हतं की काहींनी मुद्दाम कानाडोळा केला, कोण जाणे. पण पहिल्या रांगेतल्या एकाचे खांदे हसण्यानं हलत होते, एवढं तिला दिसलं.

"थांब!" ती पुन्हा म्हणाली. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं. चर आता चार पावलांवर.

उस्तादांनी डोळे मिटले.

आणि मग तिला भान राहिलं नाही, हनुवटी राहिली नाही, बाबा आठवले नाहीत. लहानपणी गल्लीच्या टोकावरून घरी हाक मारायची, तशी ती ओरडली.

"थांऽऽब!"

तुकडी जागच्या जागी थांबली. पहिल्या रांगेतल्या पोराच्या बुटांची टोकं चरावर आली होती. पण उजवीकडची दुसरी तुकडीही थांबली. फाटकाजवळची तिसरीही. सायकलवरून चाललेला स्वयंपाकी एक पाय टेकून उभा राहिला.

"माझ्या पोरांना कुणी थांबवलं?" लांबून तिसऱ्या तुकडीचा उस्ताद बोंबलला.

मोठे साहेब तिच्याकडं वळले. टिटवीला वाटलं, संपलं. मग ते म्हणाले, "बघतेस काय? तुझी तुकडी चराच्या काठावर आहे. आण परत."

तिनं श्वास घेतला. कुठला आवाज काढायचा, हे तिनं ठरवलं नाही. दुसरा उरलाच नव्हता.

"मागेऽऽ वळ!"

तिन्ही तुकड्या मागे वळल्या. तिसऱ्या उस्तादानं टोपी काढून मांडीवर आपटली.

"त्या दोन तुकड्यांचं त्यांचे उस्ताद बघतील," साहेब म्हणाले. "हिची वळली. पास." आणि जाता जाता उस्तादांना म्हणाले, "म्हणतात ना, टिटवीसुद्धा समुद्र आटवते."

उस्ताद हसले नाहीत. "आवाज रणांगणावर पोचेल," एवढंच म्हणाले, तेही दुसरीकडं बघत.

ती धावतच खोलीवर आली. लंबूची परीक्षा उद्या होती. लंबू मोरीशी वाकून उभी होती, हातात पेला.

"झाले! पास झाले! माझ्याच आवाजात, लंबू! टाक ते मीठ!"

लंबूनं तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. एक खरखर आली, जाड नाही की बारीक नाही.

"तुझा काढ ना," टिटवी म्हणाली. "आधीचा, घरचा."

लंबू पेला धरून तिच्याकडं वळली. मग कुजबुजली, "कसा होता गं माझा? तू ऐकला होतास?"

टिटवीनं आठवून पाहिलं. लंबूला भेटली तेव्हापासून तिनं फक्त तो जाड आवाजच ऐकला होता. तिनं लंबूच्या हातातला पेला काढून घेतला, पाणी ओतून दिलं, आणि पुन्हा दारापर्यंत येरझाऱ्या घालू लागली.