होतं तिथून

गिरणीची घरघर थांबली तसा चिलेशेने कीबोर्डवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. रस्त्यापलीकडे मका दळायची गिरणी होती. ती थांबली म्हणजे वीज गेली. वेगळी चौकशी करावी लागत नसे. लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच राम म्हटला होता, त्यामुळे पडदाही गिरणीबरोबरच मिटला.

"गेली का, बाशी कसुबा?" ब्वाल्याने मागच्या अंगणातून विचारलं. मुलगी कसुबा लग्न होऊन न्दोलाला गेली तरी ती नवऱ्याला अजून बाशी कसुबा, कसुबाचे बाबा, म्हणूनच हाक मारी आणि तो तिला बना कसुबा, कसुबाची आई.

"गेली."

"किती झालं होतं?"

"निम्म्याहून जास्त."

"कालही निम्म्याहून जास्तच झालं होतं," ती म्हणाली आणि शेगडीत कोळसे घालायला लागली.

किट्वेच्या तांब्याच्या खाणीत चिलेशेने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. माणसांना खाली-वर नेणारा पिंजरा ज्या यंत्रांवर चाले, त्यांचे प्रोग्रॅम तो लिही. मग खाणीने माणसं कमी केली, त्यात तोही गेला. आता पाण्याच्या पंपांची नियंत्रणं बनवणारी लुसाकाची एक छोटी कंपनी त्याला घ्यायला तयार होती. अट एकच होती. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणारा एक कंपायलर आहे, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही खुला. तो आयता घेऊन भागणार नव्हतं. पंपाच्या चिपसाठी त्यात फेरफार करायचे, म्हणून तो मुळापासून स्वतःच्या यंत्रावर बांधून घ्यायचा आणि शुक्रवारी फोन येईल तेव्हा चालवून दाखवायचा.

हजारो लहान फाइली एकामागून एक तयार व्हायच्या. चिलेशेच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला त्यासाठी सलग सहा तास हवे होते, आणि किट्वेत वीज सलग चार तास राहिली तर लोक नातेवाइकांना फोन करून सांगत. वीज आली की चिलेशे आधी अर्धवट झालेलं सगळं पुसून टाकी, मग पहिल्या फाइलीपासून सुरुवात करी. रोज पहिले पाढे पंचावन्न. त्याच्या पाठीला रग लागली होती आणि डोळ्यांना धार.

काम मिळालं नाही तर घर सोडून कसामाला, ब्वाल्याच्या चुलत्याच्या शेतावर जायचं होतं. या वयात त्याची बोलणी खात कसावा लावायला शिकायचं. ब्वाल्या कटकट करत नव्हती. रोज थोडं थोडं खोक्यांत भरत होती. सगळ्यांत आधी तिने तिच्या भावाचा, कबासोचा, फोटो काढून भरला होता. भिंतीवर नुसता खिळा राहिला होता.

मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा आणि तळलेली कपेंता मासळी खाताना चिलेशेने फोन उघडला. कंपायलरवाल्यांच्या मंचावर त्याने आदल्या दिवशी विचारलं होतं, वीज टिकत नाही, काही जवळची वाट आहे का? कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं होतं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, पुसता कशाला? आहे ते तसंच ठेवा, तीच आज्ञा पुन्हा द्या. झालेलं त्याला ठाऊक असतं, ते होतं तिथून पुढे सुरू करतं."

"अगंबाई. मग चार दिवस तुम्ही नुसतेच वल्हं मारत होतात, होडी काठाला बांधून?"

चिलेशे हसला नाही. त्याने न्शिमाचा गोळा हातात वळला आणि तसाच धरून ठेवला.

"अर्धवटावर चालू करायचं नसतं," तो म्हणाला.

हे वाक्य ब्वाल्याला पाठ होतं. खाणीचा नियमच होता तो. वीज गेली की पिंजरा रिकामा करायचा, सगळं शून्यावर आणायचं, तपासायचं, मगच पुन्हा सुरू. एकदा वीज गेली, आली आणि कुणीतरी घाईघाईत पिंजरा होता तिथूनच चालू केला. आत कबासो होता. चिलेशे त्या पाळीला नव्हता, पण तेव्हापासून त्याने आयुष्यात कुठलीच अर्धी गोष्ट पुढे नेली नव्हती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा पाणीसुद्धा फुंकत होता.

गुरुवारी सकाळी गिरणी सुरू झाली. चिलेशे खुर्चीत बसला, आणि बोटांनी सवयीने पुसायची आज्ञा लिहिली. ती पाठवायची तेवढी राहिली. तो पडद्याकडे बघत बसला. बाहेर दळण चालू होतं, वीज वाया जात होती, आणि त्याचं बोट काही हलेना. पुसवत नव्हतं नि ठेववतही नव्हतं.

ब्वाल्या हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

"पुसताय?"

"भीती वाटते गं, बना कसुबा."

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे यंत्र कुणाला खाली नेत नाही," ती म्हणाली.

चिलेशेने लिहिलेली आज्ञा एकेक अक्षर मागे घेतली. दुसरी लिहिली. पडदा क्षणभर तसाच राहिला, मग फाइलीचा आकडा उमटला. एक नव्हता. काल गिरणी थांबली तेव्हा होता, त्याच्या पुढचा होता. आणि तो सरकायला लागला.

दुपारी गिरणी पुन्हा थांबली.

"गेली का?" ब्वाल्याने आतून विचारलं.

"गेली. थोडंच उरलंय."

"आणि झालेलं?"

"ते आहे."

शुक्रवार अजून यायचा होता. वीज कधी येईल याचा भरवसा नव्हता. आत खोकं सरकवल्याचा आवाज आला. जरा वेळाने ब्वाल्या बाहेर आली, फोटोवरचा कागद सोडवला, कमरेला गुंडाळलेल्या कापडाने काच पुसली आणि कबासोला त्याच्या खिळ्यावर लावून ती शेगडीकडे गेली.