काका, दार ओढा

मित्रांनो, पोलीस ठाण्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मोडक्या खुर्च्या आणि गंजलेल्या सायकलींच्या संगतीत मी भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या एका कोपऱ्याला वाळवीने तोंड लावले आहे. पुष्कळ वर्षे मी याच ठाण्यातील चौकशीच्या खोलीचा दरवाजा होतो.

मला घडवणारा सुतार कमी बोलणारा आणि मापाचा पक्का होता. त्याने लाकूड सावलीत रचून नीट वाळू दिले, कारण ओल्या लाकडाचे दार पुढे पीळ खाते. प्रत्येक सांधा त्याने आधी कोराच बसवून पाहिला आणि मगच सरस लावला. बिजागऱ्या ओळंबा धरून एका रेषेत बसवल्या. अशा दाराचा एक गुण असतो. ते आपणहून उघडत नाही की मिटत नाही. माणसाचा हात जिथे सोडेल तिथे थांबते.

ठाण्यात येणाऱ्याला आपले दुःख चारचौघांसमोर सांगावे लागू नये, म्हणून मला बसवले होते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेली एक बाई माझ्या आड बसून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. वाट चुकलेली एक मुलगी आतल्या बाकावर गाढ झोपली, तेव्हा सगळे ठाणे तिच्यासाठी कुजबुजत बोलत होते. त्या काळी मी मिटलो की आतल्या माणसाला धीर येत असे. ठाण्याचे प्रमुख असलेले थोरले साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्याजवळ आणून माझ्या लाकडाचे कौतुक करीत.

वाईट सवय कधी वाजतगाजत येत नाही. आधी आत आवाज चढू लागले, मग हात. आवाज चढला की बाहेर बसलेल्यांपैकी कुणीतरी उठून मला ओढून घेई. तसा हुकूम कुणी काढला नव्हता, पण नव्याने रुजू झालेल्यालाही ते लवकरच समजे. मग बाहेरची मंडळी पंख्याचा खडखडाट, मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी अशा विषयांवर जरा मोठ्याने बोलू लागत. आपण पाहिले नाही म्हणजे आपण त्यात नाही, असा त्यांचा अगदी प्रामाणिक समज होता. सहकारी हद्द ओलांडत असेल तर त्याला थांबवणे आणि वर कळवणे हे पाहणाऱ्याचे कर्तव्य आहे, हा नियम प्रशिक्षणात साऱ्यांनीच पाठ केला होता. ठाण्यात मात्र त्याचा उच्चार होत नसे.

मला ओढण्याचे काम बहुधा हवालदार काकांकडे येई, कारण त्यांचे टेबल माझ्या शेजारी होते. काका अंगाने भारी आणि स्वभावाने गमत्ये. गुडघ्यांना चोळायच्या तेलातले दोन थेंब ते माझ्या बिजागऱ्यांना देत आणि म्हणत, "आपल्या दोघांचेही सांधे एकाच वयाचे, बाबा."

आत चौकशी करणारा फौजदार म्हणजे काकांनीच घडवलेला माणूस. हुद्द्याने तो वरचा. पण गर्दीला कसे शांत करावे, घाबरलेल्या साक्षीदाराशी कसे बोलावे, हे सारे तो काकांकडून शिकला होता. काकांच्या पत्नीच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त देणारा तोच. चारचौघांत काका त्याला 'साहेब, तुम्ही' म्हणत आणि दोघेच असले की 'तू'.

एके दिवशी दुपारी पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला आणले गेले. एका इमारतीचा पंप चोरीला गेला होता आणि आदल्या दिवशी तो उघडणारा हाच होता. मिस्त्री म्हणत राहिला की त्याला काही ठाऊक नाही. फौजदाराचा आवाज चढला. त्याने पट्टा काढला. पहिल्या फटक्यातच मिस्त्री खाली बसला.

"काका, दार ओढा," आतून फौजदार म्हणाला.

काका उठले. त्यांचा हात माझ्या कडीवर आला. मिस्त्रीच्या अंगावर दुसरा फटका पडला, पण तो मारणाऱ्याकडे पाहत नव्हता. तो काकांच्या हाताकडे पाहत होता.

"काका," तो हळूच म्हणाला, "तेवढं दार राहू द्या."

मग काकांनी मला भिंतीला लागेपर्यंत उघडले, ते आत शिरले आणि फौजदाराचे उचललेले मनगट त्यांनी वरच्या वर धरले.

"बाहेर व्हा काका," फौजदार म्हणाला. "मी तुमचा अधिकारी आहे."

"आहेसच. आणि मी आजवर बाहेरच होतो." काकांनी सगळ्यांदेखत त्याला 'तू' म्हटले. "हात खाली घे. आता याला दवाखान्यात नेतो, आणि मग वर कळवतो. तुझ्या पाठीमागे नाही, तुझ्या तोंडावर सांगतोय."

दवाखान्यात मिस्त्रीची बरगडी तडकल्याचे निघाले. परत येताच काका थोरल्या साहेबांपुढे उभे राहिले. साहेब पुष्कळ समजुतीने बोलले: पोराचे भवितव्य आहे, आपल्या घरातले आपण घरात मिटवू.

"साहेब," काका म्हणाले, "ज्याची बरगडी मोडली तो आपल्या घरातला नाही ना."

साहेबांनी वरच्या कचेरीला फोन लावला.

पुढचे दिवस काकांना जड गेले. त्यांच्या टेबलाशी चहाला कुणी थांबेना. येता-जाता कुणीतरी विचारी, "काका, पंखा बंद करू, की तेही वर कळवणार?" काका नुसते हसत. पण बिजागऱ्यांना तेल द्यायचे मात्र ते विसरू लागले.

चौकशीसाठी बाहेरून एक अधिकारी आल्या. फौजदाराचे म्हणणे होते की काकांचा गैरसमज झाला. बाकीचे म्हणाले, आम्ही आमच्या कामात होतो. शिवाय एवढ्या जाड दारातून आजवर कधीच काही ऐकू आलेले नाही. त्यावर बाईंनी एका शिपायाला आत थांबून टेबलावर चापट मारायला सांगितले आणि स्वतः बाहेरून मला घट्ट बंद केले. आवाज बाहेर स्वच्छ आला.

शेवटी तक्रारी नोंदवणाऱ्या पोलीसताई उठल्या. "ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "नेहमीच ऐकू यायचं."

मिस्त्रीने पंप नेला होता की नाही, हे मला कधी कळले नाही. बरगडीच्या हिशेबात त्याने काही फरकही पडत नाही. फौजदाराला निलंबित केले आणि पुढे खालच्या हुद्द्यावर दूर पाठवले. चौकशीच्या खोलीला काचेचे दार आले आणि मी या शेडमध्ये.

काकांच्या नोकरीचा शेवटचा दिवस मी इथूनच पाहिला. निरोपाला फार माणसे नव्हती. दुपारी ते सायकल न्यायला शेडमध्ये आले, तेव्हा दाराशी तो जुना फौजदार उभा होता.

"लोक म्हणतात, तुम्ही त्या दिवशी मला वाचवलंत," तो म्हणाला. "मला अजून तसं वाटत नाही, काका."

"नको वाटू दे. जेवलास का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. काकांनी सायकलला लावलेला डबा काढला, एक मोडकी खुर्ची पुसून त्याच्यापुढे सरकवली, आणि दोघे एकाच डब्यातून जेवले.

मित्रांनो, दारांची काळजी घ्या. ऊनपावसापासून आम्हाला जपा, वेळच्या वेळी तेल द्या. कुणाला एकांत हवा असेल तर आम्हाला हलकेच मिटा. पण आतून कुणाच्या कण्हण्याचा आवाज आला, आणि मारणारा तुमचा कितीही जवळचा असला, तरी खुशाल आम्हाला ढकलून आत जा. त्या धक्क्याने दाराला कधीच दुखत नाही.